बाकी काय?

चपला पायात, पिशवी खांद्याला, किल्ली हातात, आणि तरी माणूस दार उघडत नाही. दाराला कान लावून उभा असतो. समोरची कडी वाजली का? पावलं जिन्याकडे गेली की लिफ्टपाशी थांबली? तो खोकला खालच्या मजल्यावरचा की अगदी इथलाच? स्वतःच्या घरात असं चोरासारखं उभं राहायची वेळ ज्याच्यामुळे येते, त्याने आजवर आपलं काहीही वाईट केलेलं नसतं. भेटला की तो तोंडभर हसतो, मदतीला धावतो, आठवणीने विचारपूस करतो. अडचण नेमकी तीच आहे. भांडकुदळ शेजाऱ्याशी अबोला धरता येतो आणि त्या अबोल्याला चारचौघांची मान्यताही मिळते. गोड शेजाऱ्याशी काय धरायचं?

मराठीत अशा माणसासाठी शब्द पुष्कळ आहेत. मोकळाढाकळा, बोलघेवडा, अघळपघळ आणि फारच झालं की गळेपडू. हे चारही शब्द एकाच माणसाला एकाच आठवड्यात लागू पडतात. सोमवारी आपल्याला सवड असते तेव्हा तो मोकळाढाकळा, गुरुवारी घाई असते तेव्हा गळेपडू. मधल्या दोन दिवसांत त्याचा स्वभाव काही बदललेला नसतो. म्हणून त्या स्वभावाची चिकित्सा करत बसण्यात फारसा अर्थ नाही. हातात असते ती भेटीची रचना: भेट कुठे होते, कोण कुठे उभं राहतं, पहिलं वाक्य कोणतं, आणि भेट संपायची वेळ कधी सांगितली जाते. या शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं.

पाहुणा जातो. सहकारी सुट्टीच्या दिवशी दिसत नाही. मित्राशी पटेनासं झालं तर भेटी आपोआप विरळ होतात. शेजारी मात्र आपण निवडलेला नसतो आणि तो टाळताही येत नाही. आज अर्धवट तोडलेलं बोलणं उद्या सकाळी त्याच पायरीवर वाट बघत उभं असतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते हे मोजलं. ते निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. अगदी लागून असलेल्या दारांमध्ये जवळच्या मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के होतं, एक दार सोडून पलीकडे २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना १० टक्के. आवडीनिवडी, स्वभाव, विचार हे सगळं नंतर. आधी दारं किती जवळ आहेत ते. यावरून शेजारधर्माची स्तोत्रं गायला हरकत नव्हती. पण १९७६ साली एबेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलात हाच प्रश्न उलटा करून विचारला, तेव्हा कळलं की लोकांना नावडणारी माणसंही जवळच राहत होती, आवडत्यांपेक्षासुद्धा जवळ. लांबच्या माणसाचा आवाज, वेळा, सवयी आपल्याला बोचत नाहीत, भिंतीपलीकडच्याच्या बोचतात. ‘अतिपरिचयादवज्ञा’ म्हणणाऱ्याला हे कोणत्याही पाहणीवाचून ठाऊक होतं. जवळ राहण्याने मैत्री होतेच असं नाही, भेटी मात्र होतात. त्यांचं पुढे काय होतं हे प्रत्येक भेट कशी पार पडते त्यावर ठरतं.

आणि भेट कशी पार पडते हे बरंचसं जागेवर ठरतं.

लिफ्टमधली भेट वरवर पाहता सगळ्यांत अवघडलेली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात याची मापं मांडली. दीड फुटाच्या आत अगदी निकटची माणसं, दीड ते चार फुटांत मित्रमंडळी, आणि चार ते बारा फुटांत औपचारिक ओळखीची. ही मापं त्यांच्या भोवतालच्या लोकांची. समाजागणिक ती बदलतात हे त्यांनीच सांगितलं. आता आठ माणसांची लिफ्ट घ्या. तिचा डबा साधारण १.१ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल असतो. म्हणजे चार फुटांबाहेरच्या ओळखीचा माणूस तिथे चार फुटांच्या आतच उभा असणार, दोघांची इच्छा असो वा नसो. तरीही शेजाऱ्याला भेटायला लिफ्टसारखी जागा नाही, कारण ही भेट आपोआप संपते. सेकंदाला एक मीटर या वेगाने पाच मजले उतरायला पंधरा-सोळा सेकंद लागतात, वर दारांची उघडझाप. तेवढ्यात हसून नाव घेऊन एक चौकशी होते आणि एका उत्तराला जागा उरते. बिघडतं ते बाहेर पडल्यावर. तो आधी उतरतो, वळतो, दारात हात घालून बोलत राहतो, आणि आपण आत अडकलेले. त्यामुळे आत शिरताना दाराजवळची जागा घ्यावी, म्हणजे आपण आधी उतरतो आणि उतरल्यावर पाय थांबत नाहीत. तरी त्याने दार अडवून धरलंच तर आपल्या घाईचं कारण तिथे लंगडं पडतं. तिऱ्हाइताचं चालतं: “अहो, सोडा दार, वर कोणीतरी ताटकळलं असेल.” यात नकार नाही, शिष्टाचार आहे, आणि तो मोडायची त्याची तयारी नसते.

जिन्याचं गणित वेगळं. पायऱ्यांवर माणूस टिकत नाही. एक पाय वर, एक खाली, तोल सांभाळत किती वेळ बोलणार? वळणावरच्या सपाट जागेत मात्र तो मुक्काम ठोकतो, कठड्याला रेलतो, हातातलं ओझं खाली ठेवतो. ओझं खाली ठेवलं की दहा मिनिटं गेली असं समजावं. थांबायचंच असेल तर पायरीवर थांबावं, आणि एक पाय पुढच्या पायरीवर ठेवून थांबावं. आवारात किंवा कुंपणाशी भेट झाली तर हातातलं काम आपली सुटका करेल असं वाटतं. पण काम नीट निवडावं लागतं. झाडांना पाणी घालणारा माणूस हा तर आयता श्रोता; झाडं संपत नाहीत आणि पाण्याची नळी टाकून पळताही येत नाही. शेवट डोळ्यांना दिसतो असं काम बरं. एवढा केर भरला की संपलं, हे त्यालाही दिसत असतं.

खरी लढाई दारात होते.

बेल वाजते. आपण पावलं न वाजवता दाराशी जातो आणि भिंगातून बघतो. इथे पहिली चूक होते. घरात उजेड असेल तर भिंगाला डोळा लावताक्षणी बाहेरून तो ठिपका काळा पडलेला दिसतो. म्हणजे आपण घरात आहोत, दाराशी आहोत आणि दार उघडायचं की नाही याचा विचार करतो आहोत, ही तिन्ही गुपितं एका क्षणात फुटतात. त्यापेक्षा सरळ विचारावं, “कोण आहे?” आणि उघडावं. अजिबात उघडायचं नसेल तर जागचं हलूच नये. अर्धं लपणं सगळ्यांत वाईट.

दार उघडल्यावर उभं कुठे राहायचं? बहुतेक जण सवयीने चौकटीत उभे राहतात, एक हात दारावर, एक खांदा चौकटीला. ही मुद्रा दमलेल्या माणसाची आहे, पण समोरच्याला ती निवांत माणसाची दिसते. शिवाय चौकटीच्या बाजूने त्याची नजर आत जाते, आणि जिथे नजर जाते तिथे प्रश्न उगवतात. पडदे बदलले वाटतं? कोणी आलंय का? एवढ्या पेट्या कसल्या? यावर उपाय साधा आहे. एक पाऊल बाहेर टाकावं आणि दार पाठीमागे ओढून घ्यावं, पूर्ण नाही, हाताने धरून चारेक बोटांची फट राहील इतकं. आपण बाहेर आलो याचा अर्थ आपण त्याला मान दिला. दार ओढलेलं आहे याचा अर्थ भेट इथेच होणार आहे. आणि सगळ्यांत मोठा फायदा असा की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला बोलत बोलत त्याच्या दारापर्यंत पोहोचवता येतं. आपल्या दारातून त्याला घालवणं म्हणजे हाकलणं. त्याच्या दारापर्यंत सोडून येणं म्हणजे अगत्य. पावलं तेवढीच.

याउलट “या ना आत” हे तीन शब्द जिभेवर बसलेले असतात. मनात नसताना बाहेर पडतात. समजदार शेजारी ते ऐकतो आणि म्हणतो, “नको नको, घाईत आहे.” आपला नायक ते ऐकतो आणि येतो. एकदा टेकलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत क्वचित उठतो, कारण उठण्याला निमित्त लागतं. उभ्याला लागत नाही. आत बोलवायचंच असेल तर तो टेकण्याआधी वेळ सांगावी: “या, बसा. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे, साडेसहाला एक फोन आहे.” फोन खरा असावा. खोटा असला तर साडेसहाला तो आपल्याकडे कौतुकाने बघत राहतो आणि फोन काही वाजत नाही.

निरोप सुरुवातीलाच सांगावा, हे या सगळ्यातलं कळीचं कलम. वीस मिनिटं गप्पा झाल्यावर “मला जायला हवं” म्हटलं की ते त्याच्या बोलण्यावरचं मत वाटतं. तो नुकताच मुलाच्या परीक्षेचं सांगत होता आणि आपण कंटाळलो, असं. तेच वाक्य आरंभी आलं तर तो घड्याळाचा विषय राहतो. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी नाव घेऊन, हसून, थांबून स्वागत, मग वेळ, आणि लगेच त्याच्याविषयीचा एक प्रश्न. “अरे वा, बरं झालं भेटलात. पाचच मिनिटं आहेत हातात, पण आधी सांगा, गुडघा कसा आहे?” वेळ आधी आणि हसू नंतर आलं तर ती नोटीस होते. आणि पाच मिनिटं म्हटल्यावर पाचव्या मिनिटाला हलायला हवं. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. पाच म्हणून पंचवीस मिनिटं उभं राहणारा माणूस शेजाऱ्याला शिकवत असतो की आपले ‘पाच’ म्हणजे पंचवीस. पुढच्या खेपेला तो त्या हिशेबानेच सुरुवात करतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

आता शेवट. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली संभाषण संपतं कसं याचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण असं की बोलणं नुसतं थांबत नाही, दोघांना मिळून ते बंद करावं लागतं. आधी एकजण बंद करण्याची तयारी दाखवतो, एखादा रिकामा शब्द टाकतो. दुसऱ्याला काही राहिलं असेल तर बोलायची संधी मिळते. त्यानेही रिकामा शब्द टाकला की मग निरोप. मराठीत हे रिकामे शब्द म्हणजे ‘बरं’, ‘असो’ आणि ‘चला’. ‘चला’ तर अद्भुत शब्द आहे. म्हणणारा एकटाच निघालेला असतो, पण शब्द दोघांना धरून आहे, त्यामुळे कोणी कोणाला सोडून जातंय असं वाटतच नाही. आपण म्हणतो, “बरं, चला…” आणि पुढे क्षणभराची फट राहते. त्या फटीत शेजारी एक पाऊल टाकतो: “मग? बाकी काय?”

‘बाकी काय’ला कोणताही विषय नसतो. तो बंद होत आलेल्या दारात घातलेला पाय आहे. आणि आपण भिडस्त माणसं काय उत्तर देतो? “बाकी काही विशेष नाही. तुमचं?” सगळा घात त्या ‘तुमचं’मध्ये आहे. सात मिनिटांची कमाई त्या एका शब्दात जाते. उत्तर द्यावं, पण ते प्रश्नावर संपू नये. सूर खाली यावा, अंग वळावं, आणि पुढच्या भेटीचा उल्लेख व्हावा. “बाकी मजेत. चला, उद्या सकाळी दिसूच.” पुढच्या भेटीचा उल्लेख शोभेचा नाही. आज तुटत असलेलं काही कायमचं तुटत नाही हे त्यातून कळतं, आणि ज्याला बोलणं लांबवायची सवय आहे त्याला बहुधा तेवढंच ऐकायचं असतं. शब्द आणि शरीर एकाच वेळी निघायला हवेत. तोंडाने ‘चला’ आणि पाय रोवलेले, असं असलं तर माणसं पायांवर विश्वास ठेवतात.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर तो शेजाऱ्यावर अन्याय होईल. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बोलणाऱ्या जोड्यांना नंतर विचारलं, की बोलणं कधी संपावं असं तुम्हाला वाटत होतं? दोघांना हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम २ टक्के निघाली. हवी असलेली आणि प्रत्यक्षातली वेळ यांत सरासरी निम्म्या संभाषणाइतका फरक होता. दोघंही मनातलं लपवतात, म्हणून कोणालाच दुसऱ्याचं कळत नाही. म्हणजे कुंपणाशी चाळीस मिनिटं रंगलेल्या काही गप्पांत दोन माणसं एकमेकांच्या भिडेपोटी उभी असतात, आणि दोघंही घरी जाऊन म्हणतात, “फार बोलतो बुवा!”

नकाराचंही तसंच. माणसं संभाषणात एकमेकांना विलक्षण वेगाने उत्तर देतात. १० भाषांच्या एका तुलनेत (तान्या स्टिव्हर्स आणि सहकारी, २००९) प्रश्न आणि उत्तर यांतली फट सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळली, आणि साधारणपणे होकार नकारापेक्षा लवकर येत होता. “रविवारी येताय ना आमच्याकडे?” यावर आपण जो आवंढा गिळतो, त्यातच उत्तर गेलेलं असतं. त्यानंतरची कारणं म्हणजे उगाच खर्च. आणि कारणं सांगितली की अतिप्रेमळ शेजारी ती कारणं सोडवायला बसतो. पाय दुखतोय म्हटलं तर तो मलम घेऊन येतो. वाहन नाही म्हटलं तर तो स्वतः न्यायला येतो. पाहुणे आहेत म्हटलं तर पाहुण्यांनाही घेऊन या. कारण हा त्याच्या दृष्टीने दूर करण्याजोगा अडथळा असतो, आणि तो मदतीला तत्पर. ‘बघू’, ‘जमवतो’, ‘कधीतरी नक्की’ हे शब्द मराठी कानाला नकारच वाटतात. पण जो ऐकूनही ऐकत नाही त्याच्यासाठी तो होकाराचा पहिला हप्ता असतो. लगेच विचारणार, “कधीतरी म्हणजे कधी?” तिथे सरळ वाक्यच चालतं: “या रविवारी नाही जमणार. बोलावलंत, बरं वाटलं.” पुढे ‘कारण’ नाही, ‘पण’ही नाही. पहिल्यांदा तोंड कोरडं पडतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक मागावी लागते ती स्वतःच्याच संध्याकाळची.

चौकश्यांबद्दल थोडंच. “कुठे निघालात?” या प्रश्नाला ठिकाण अपेक्षित नसतं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ सालीच दाखवून दिलं होतं की माणसांच्या बोलण्याचा मोठा भाग माहितीसाठी नसून नातं ऊबदार ठेवण्यासाठी असतो. “जरा बाहेर” हे पूर्ण उत्तर आहे. “दवाखान्यात, रिपोर्ट आणायला” म्हटलं की उद्या, परवा आणि तेरवा रिपोर्टची विचारपूस होणार, आणि ती टाळता येणार नाही कारण विषय आपणच दिलेला असतो. पगार, लग्न, आजारपण, घरातले मतभेद यांसाठी मात्र एकच ठरलेलं वाक्य असावं आणि दर वेळी त्याच शब्दांत यावं: “ते आमचं आमच्यातच ठेवतो आम्ही.” हसून म्हणावं. उत्तर दर वेळी बदललं की त्याला वाटतं, अजून थोडं उकरलं तर निघेल.

देवघेवीचं प्रकरण जास्त नाजूक. घेतल्याची परतफेड करावी ही भावना जगात सर्वत्र सापडते असा विचार समाजशास्त्रज्ञ आल्विन गोल्डनर यांनी १९६० साली मांडला होता. अतिप्रेमळ शेजारी काही आणून देतो तेव्हा त्याच्या मनात हिशेब नसेलही. आपल्या मनात तो सुरू होतो. मग दोन चुका होतात. काहीजण दुसऱ्याच दिवशी तेवढ्याच तोलाचं काही परत नेऊन देतात. ते खातं बंद केल्यासारखं लागतं. काहीजण भिडेपोटी जास्त देतात, मग तो त्याहून जास्त देतो, आणि दोन्ही घरं नको असलेल्या वस्तूंनी भरतात. आभार त्याच दिवशी, परतफेड सावकाश आणि थोडी लहान, हा बरा मार्ग. थांबवायचं असेल तर तिसऱ्या खेपेच्या आत. एकदा घडतं तो प्रसंग, दोनदा योगायोग, तिसऱ्यांदा प्रथा पडते, आणि प्रथा मोडणारा तो वाईट.

घराची जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची असेल तर ती कशासाठी हे देतानाच बोलावं: पाणी गळलं, धूर दिसला, आम्ही बाहेरून फोन केला तरच. हे न बोलता दिलेली किल्ली हळूहळू परवाना होते. “दार वाजवलं, उघडलं नाहीत, म्हटलं बघावं” हे वाक्य त्याच परवान्यातून येतं. फोनवरच्या संदेशांचंही तेच: उत्तर जितक्या लवकर जातं तितक्या लवकर ते अपेक्षित होतं. रात्री एकदा, ठरलेल्या वेळी उत्तर दिलं की दोन आठवड्यांत त्याचीही लय तशीच बसते.

आता लपण्याबद्दल, कारण बहुतेकांचा पहिला उपाय तोच असतो. दिवे मालवायचे, आवाज बंद करायचा, श्वास रोखून बसायचं. भिंती मात्र सगळं सांगतात. नळ वाजतो, खुर्ची सरकते. समजा सापडलो नाही, तरी सुटका नाही. दोन दिवस दिसलो नाही की काळजी करणं हा त्याचा हक्कच आहे आणि तिसऱ्या दिवशी तो जास्त जोरात दार वाजवतो. आणखी एक तोटा आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की चोच मारल्यावर दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, अनियमित मिळाला तर पक्षी चोच मारत राहतो. दाणे बंद झाल्यावरही बराच काळ. कधी पाऊण तास गप्पा आणि कधी बंद दार, हे अगदी तेच वेळापत्रक. शेजाऱ्याला दार वाजवायची सवय आपणच लावतो, तीही सगळ्यांत चिवट प्रकारची. रोज नेमाने मिळणारी तीन मिनिटं त्याला कमी भूक लावतात. एकट्या पडलेल्या माणसाला तर नक्कीच. निवृत्त, नव्याने राहायला आलेला, जोडीदार गमावलेला, दिवसभर घरूनच काम करणारा, यांच्यासाठी “शनिवारी सकाळी अर्धा तास बसू” हे ठरलेलं वाक्य आठवडाभराच्या अवचित भेटींपेक्षा मोलाचं असतं. दिवस ठरला की बाकीचे सहा दिवस दाराची बेल शांत राहते, बहुतेक वेळा.

एवढं करूनही भागलं नाही तर एकदा स्पष्ट बोलावं लागतं. ते बेल वाजल्यावर, रागाच्या भरात बोलू नये; आपण निवांत असू तेव्हा आपणहून गाठून बोलावं. एकच सवय, एकच विनंती, आणि तिच्या जागी काय चालेल ते. “संध्याकाळी सात ते नऊ आमचा घरचा वेळ असतो, तेव्हा बेल वाजवू नका. सकाळी कधीही भेटा.” ‘तुम्ही नेहमीच’ने सुरू होणारं वाक्य नको, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून निरोप नको, आणि इमारतीच्या ग्रुपवर सर्वांना उद्देशून टाकलेला टोमणा तर नकोच, ज्याला लागायचा त्याला सोडून तो सर्वांना लागतो. यानंतर चार-सहा दिवस तो गप्प राहील, नजर चुकवेल. तेव्हा पहिलं हसू आपलं असायला हवं, दुसऱ्याच दिवशी सकाळी. ते राहून गेलं तर विनंती मागे पडते आणि अपमान तेवढा उरतो.

काही गोष्टी मात्र या लेखाच्या कक्षेतच येत नाहीत. स्पष्ट नाही म्हटल्यावरही घरात शिरणं, येण्याजाण्याच्या वेळा टिपून ठेवणं, मुलांकडून घरातली माहिती काढणं, अंगचटीला येणं, न विचारता फोटो घेणं. हे प्रेमळपणाच्या वेशात आलं तरी प्रेमळपणा नव्हे. तिथे सौजन्य बाजूला ठेवावं, तारीख-वेळ लिहून ठेवावी, घरच्यांना आणि इतर शेजाऱ्यांना उघड सांगावं.

राहता राहिला एक गैरसोयीचा प्रश्न. प्रत्येक जिन्यात एक गळेपडू शेजारी असेल तर त्यातले काहीजण हा लेख वाचतच असणार, आणि आपण ते नाही याची सगळ्यांनाच खात्री. तपासायचं असेल तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून उपयोग नाही, तो हसतच असतो. शब्दांवरही जाऊ नये. “छे हो, घाई कसली!” हे सगळेच म्हणतात. पाहायचं ते खाली. पाऊल आपल्याकडे आहे की दाराकडे वळलंय. हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आहे की या हातातून त्या हातात जाते आहे. गेल्या दोन मिनिटांत त्याने एखादा प्रश्न विचारला, की नुसतंच ‘हो का’, ‘अरे वा’ चाललंय. आणि किल्ली. ती कुलपात घालून अर्धी फिरवलेली असेल, आणि माणूस मान तेवढी आपल्याकडे वळवून ऐकत असेल, तर गुडघ्याची गोष्ट तिथेच सोडून ‘चला’ आपणच म्हणावं.